पंचांचे काळे बूट : निवड आणि निगा यांच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२४

जिल्ह्यातील बास्केटबॉल पंच मंडळाने यंदाच्या हंगामासाठी पंचांच्या बुटांची निवड आणि निगा यांविषयी मार्गदर्शक टिपण तयार करण्याचे काम आमच्या लहानशा गटाकडे सोपविले असून, नोंदी ठेवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. टिपण ऑक्टोबरअखेर सर्व पंचांच्या हाती पडावे, असे ठरले.

आरंभ नियमपुस्तकापासून केला. पंचांच्या गणवेशाबाबत फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, नियम मोजकेच बोलतात : पंचांचा सदरा, लांब काळी पँट, काळे मोजे आणि काळे बास्केटबॉलचे बूट. म्हणजे रंग काळा हवा आणि बूट या खेळाचा हवा, एवढ्या दोनच अटी आहेत. चकाकीचा उल्लेख कोठेही नाही. प्रत्यक्षात मात्र आपल्याकडे पंचांच्या बुटांची चर्चा निघाली की ती पॉलिशपासून सुरू होते आणि पॉलिशपाशीच संपते. गेल्या हंगामात काही सहकारी कार्यालयात वापरायचे चामडी बूट चकचकीत करून कोर्टावर उतरत होते, तर काहींच्या पायात पांढऱ्या सोलचे धावण्याचे बूट होते. पहिल्यांना नियमातला रंग दिसला, दुसऱ्यांना आपले पाय दिसले. टिपणाचा क्रम त्यामुळे आजच ठरवून टाकला : आधी पकड, मग आधार, त्यानंतर रंग आणि सर्वांत शेवटी चकाकी.

१५ जून २०२४

सरावाला येताना प्रत्येकाने आपले बूट सोबत आणावेत असा निरोप दिला होता. सगळ्या जोड्या ओळीने मांडून त्यांचे सोल पाहिले.

आपल्या जिल्ह्यातील बहुतेक सामने शाळा-महाविद्यालयांच्या आवारातील उघड्या सिमेंटच्या कोर्टांवर होतात आणि मोजकेच लाकडी कोर्टावर. या दोन पृष्ठभागांची मागणी एकमेकींच्या उलट आहे. लाकडी कोर्टावर मऊ रबराचा, झिगझॅग खाचांचा सोल उत्तम पकड देतो, परंतु तोच सोल सिमेंटवर पहिल्या काही महिन्यांतच चवड्याखाली गुळगुळीत होतो. आणि सिमेंटवर टिकणारा कडक सोल धूळ साचलेल्या लाकडावर घसरतो. चामडी सोलचे किंवा कडक प्लास्टिकच्या सोलचे कार्यालयीन बूट तर दोन्हीकडे बाद ठरतात, मग ते कितीही चमकत असोत.

काळ्या सोलबाबत आणखी एक अडचण आहे. काही काळ्या सोलांच्या रबरात काजळी असते आणि अचानक थांबताना त्याचे काळे ओरखडे लाकडी कोर्टावर उमटतात. सभागृहाच्या व्यवस्थापकांशी होणारे निम्मे वाद या ओरखड्यांवरून होत असावेत. बूट विकत घेण्यापूर्वीच याची परीक्षा करता येते : दुकानातील एखाद्या पांढऱ्या गुळगुळीत फरशीवर किंवा जाड कागदावर सोलची कड जोर देऊन घासावी, काळी रेघ उमटली आणि ती कोरड्या कापडाने पुसली गेली नाही, तर तो बूट लाकडी कोर्टासाठी घेऊ नये. दुकानदाराला विचारून करावे, हे सांगायला नकोच.

२९ जून २०२४

आधाराचा विचार करताना पंच कोर्टावर नेमका कसा हलतो, हे टिपण्याची गरज भासली. कोर्ट २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते आणि दहा-दहा मिनिटांचे चार डाव होतात. घड्याळ वारंवार थांबत असल्यामुळे सामना प्रत्यक्षात दीड तासाच्या आसपास चालतो आणि एवढा वेळ पंच उभा, चालता किंवा धावता असतो. खेळाडूला बदली मिळते, पंचाला मिळत नाही. सरावाच्या सामन्यात बाजूला बसून केवळ पंचांची पावले पाहिली, तेव्हा असे दिसले की सरळ धाव त्यांच्या हालचालीचा एक भाग आहे, पण पायाची परीक्षा इतर वेळी होते. बेसलाइनवरचा, म्हणजे बास्केटमागच्या रेषेवरचा पंच (लीड) चेंडूची बाजू बदलली की तोंड कोर्टाकडे ठेवूनच आडवा सरकतो. मागून येणारा ट्रेल चेंडू हिसकावला गेला की एका पायावर वळून उलट दिशेने निघतो. आणि शिट्टी वाजविताना दोघेही जागच्या जागी थांबतात.

धावण्याचे बूट पुढे जाण्यासाठी घडविलेले असतात. त्यांची टाच उंच आणि मऊ असते व वरचे कापड पातळ असते, त्यामुळे आडवे सरकताना पाऊल आतल्या आत बाहेरच्या कडेवर घसरते आणि घोटा मुरगळण्याची भीती वाढते. बास्केटबॉलच्या बुटात सोलचा पाया चवड्याशी रुंद असतो, टाचेभोवतीचा कप कडक असतो आणि बाजूची भिंत पावलाला धरून ठेवते. उंच गळ्याचे बूट घ्यावेत की बुटके, यावर गटात बरीच चर्चा झाली. माझे मत असे आहे की पंचाला उडी मारून गर्दीत उतरायचे नसते, त्यामुळे टाचेचा कप पक्का असेल तर बुटके बूट पुरतात, आणि ते पँटच्या खाली नीटही दिसतात. ज्यांचा घोटा पूर्वी दुखावला आहे त्यांनी मात्र उंच गळ्याचे घ्यावेत.

१३ जुलै २०२४

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरील काही दुकानांत नव्या पंचांना घेऊन मापे पाहिली. खरेदी मुद्दाम संध्याकाळी ठेवली, कारण दिवसभरात पाऊल थोडे फुगते आणि सकाळी नेमका बसलेला बूट सामन्याच्या उत्तरार्धात आवळू लागतो. सामन्यात वापरायचे मोजे घालूनच माप घ्यावे, दोन पावलांतील मोठ्या पावलाचे माप धरावे आणि उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा राहते का, हे पाहावे. आपल्याकडे बुटांवर सहसा ब्रिटिश पद्धतीचा क्रमांक असतो, आणि त्यात एका क्रमांकाचा फरक म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर. त्यामुळे ‘एक नंबर मोठा घ्या, सैल होईल तर मोजे जाड घाला’ हा दुकानदारांचा आवडता सल्ला मानू नये.

रुंदीची अडचण लांबीपेक्षा मोठी आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची मोजणी केली, तेव्हा आपली पावले परदेशी साच्यांच्या मानाने चवड्याशी रुंद असल्याचे दिसून आले. याचा प्रत्यय दुकानात लगेच आला. चवडा आवळतो म्हणून बहुतेक जण एक क्रमांक मोठा मागत होते आणि मग टाच आत हलत होती. अशा वेळी त्याच क्रमांकातील रुंद साच्याचा बूट शोधावा, किंवा दुसऱ्या कंपनीचा पाहावा. आमच्यातील पंच भगिनींची अडचण वेगळी आहे : स्त्रियांसाठीचे पूर्ण काळे बास्केटबॉलचे बूट दुकानात जवळपास नसतातच, त्यामुळे त्यांना मुलग्यांच्या मापात शोध घ्यावा लागतो आणि तेथे टाच सैल राहते. अगदी वरच्या, सहसा मोकळ्या सोडलेल्या छिद्रातून लेस घेऊन तिचा फासा केला आणि समोरच्या बाजूची लेस त्यातून ओवून आवळली, तर टाच बरीचशी जागेवर बसते. हा उपाय टिपणात चित्रासह द्यायचा आहे.

लेस चपट्या असाव्यात. गोल, गुळगुळीत पॉलिस्टरच्या लेसची गाठ धावताना सुटते, आणि लेस बांधण्यासाठी सामना थांबविणारा पंच शोभत नाही.

२७ जुलै २०२४

परवा, २५ तारखेला, खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्यामुळे सिंहगड रस्त्यावरील वस्त्यांत पाणी शिरले. आमच्या काही सहकाऱ्यांची घरे त्याच भागात आहेत. त्यांचे घर सावरणे आधी, बुटांचे नंतर. आठवड्याचा सराव अर्थातच रद्द केला.

या निमित्ताने ओल्या बुटांविषयी दोन गोष्टी लिहून ठेवतो. भिजलेला बूट उन्हात, गॅसजवळ किंवा केस वाळविण्याच्या यंत्रापुढे ठेवू नये, कारण उष्णतेने चामडे आक्रसून कडक होते आणि सोलचा डिंक सुटतो. लेस व आतला तळ काढून, वर्तमानपत्राचे बोळे सैलसर भरून, पंख्याच्या वाऱ्यात बूट आडवा ठेवावा आणि बोळे ओलावले की बदलावेत. घामाने भिजलेल्या बुटालाही हाच न्याय लागू आहे. एका दिवसाआड सामना असेल तर दोन जोड्या आलटूनपालटून वापरणे परवडते, कारण दोन्ही मिळून अधिक टिकतात.

३ ऑगस्ट २०२४

एका ज्येष्ठ पंचांनी कपाटात खोक्यासह जपून ठेवलेली, जेमतेम वापरलेली जोडी सरावाला आणली होती. वरचे चामडे नव्यासारखे होते आणि पॉलिशही सुरेख. पहिल्या काही फेऱ्यांतच उजव्या बुटाचा सोल टाचेकडून उघडला. आतला मधला थर बोटांनी दाबला असता त्याचा ओलसर, तपकिरी भुगा हातात आला.

कारण रासायनिक आहे. बुटाच्या मधल्या थरासाठी मुख्यतः दोन प्रकारचे फेस वापरतात. ईव्हीएचा फेस वापराने दबतो आणि त्याची उसळी जाते, पण तो सहसा एकसंध राहतो. पॉलियुरेथेनचा फेस दबण्यास दाद देत नाही, मात्र हवेतील बाष्पाने त्याच्या रेणूंच्या साखळ्या वर्षानुवर्षे तुटत जातात आणि एके दिवशी तो कुजल्यासारखा विस्कटतो. बूट वापरला नाही म्हणून ही क्रिया थांबत नाही. पावसाळ्यातील दमट हवेत, बंद खोक्यात आणि प्लास्टिकच्या पिशवीत तर तिला अनुकूल परिस्थिती मिळते.

त्यामुळे टिपणात हे स्पष्ट लिहावे लागेल की बूट ठेवणीतला माल नाही. खोक्यावर निर्मितीचा महिना व वर्ष छापलेले असते, ते घेण्यापूर्वी वाचावे. सवलतीत मिळणारी जोडी चार-पाच वर्षे गोदामात पडून असेल, तर ती सवलत महाग पडते. हंगामाच्या आरंभी सोलची कड अंगठ्याने दाबून आणि बूट दोन्ही हातांनी वाकवून पाहावा. भेगा दिसल्या किंवा कड कुरकुरली तर बूट बाद. ज्येष्ठांनी हे सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे बायको म्हणत होती तेच बरोबर, वापरा नाहीतर टाकून द्या.”

१७ ऑगस्ट २०२४

आज पॉलिशच्या भागाला हात घातला. त्यासाठी कसबा पेठेतील एका गटई कामगाराच्या टपरीवर बराच वेळ बसलो. चामडी बास्केटबॉलचे काळे बूट सोबत नेले होते, कोर्टावरच्या धुळीने राखाडी झालेले.

त्यांनी डबी उघडण्यापूर्वीच बराच वेळ काम केले. आधी लेस काढल्या. मग जाड केसांच्या कोरड्या ब्रशने शिवणींतली आणि जिभेच्या कडेची धूळ झाडली, ओल्या फडक्याने दोन्ही बूट पुसले आणि ते सुकेपर्यंत एका चपलेचा अंगठा शिवून टाकला. नंतर डाव्या हाताची मूठ बुटात घालून चामडे आतून ताणून धरले आणि कापड बोटाभोवती घट्ट गुंडाळून त्याचे टोक पॉलिशला नुसते टेकवले. नखावर मावेल एवढेच पॉलिश घेऊन त्यांनी ते लहान लहान गोलाकार फेऱ्यांनी चवड्यापासून टाचेपर्यंत पुरविले.

“मामा, एवढ्याशा पॉलिशमध्ये भागतं?”

“पॉलिश कमी आणि ब्रश जास्त, सर. जाड थापलं की त्याच्यावर धूळ बसते, मग तुम्ही धुळीलाच पॉलिश करत बसता.”

लावल्यावर त्यांनी बूट बाजूला ठेवला आणि पॉलिश वाळून निस्तेज होईपर्यंत हात लावला नाही. त्यानंतर मऊ ब्रश झपाझप आडवा चालवून आणि शेवटी जुन्या बनियनचा पट्टा दोन्ही हातांत धरून चमक काढली.

या क्रमामागचे कारण डबीतील पदार्थात आहे. डबीतले घट्ट पॉलिश म्हणजे मेण, ते पातळ ठेवणारे टर्पेंटाइनसारखे द्रावक आणि रंग. द्रावक उडून गेल्याशिवाय मेण घट्ट होत नाही आणि ओले मेण घासले तर ते केवळ इकडून तिकडे सरकते. कार्नौबासारखे कडक मेण ऐंशी अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते. ब्रशच्या घर्षणाने ते वितळत नसले तरी त्याचा वरचा थर सपाट होतो आणि प्रकाश एका दिशेने परततो. तीच चमक. क्रीम पॉलिशमध्ये मेणासोबत पाणी व तेल असते. ते चामड्याला मऊपणा व रंग देते, पण चमक कमी देते. पंचांच्या बुटांसाठी महिन्यातून एकदा क्रीम आणि सामन्याच्या आदल्या रात्री नाममात्र मेणाचे पॉलिश, एवढे पुरेसे आहे. सामन्याच्या दिवशी केवळ ब्रश आणि कापड.

संचलनाच्या बुटांवर पाण्याच्या थेंबांसह मेणाचे थरावर थर चढवून काढतात ती चकाकी पुष्कळांना मोहात पाडते. ती हवीच असेल तर टोक आणि टाच येथपर्यंतच ठेवावी, कारण हे भाग वाकत नाहीत. जेथे चवडा वाकतो तेथे मेणाचा जाड थर पहिल्याच धावेत तडकतो आणि पांढरट रेषा दिसू लागतात.

३१ ऑगस्ट २०२४

मागील नोंदीतील पद्धत सगळ्या बुटांना लागू पडत नाही, कारण आज बाजारात मिळणाऱ्या काळ्या खेळाच्या बुटांपैकी खऱ्या चामड्याचे फार थोडे आहेत. बहुतेकांवर पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेनचे, कृत्रिम चामडे असते, जाळीदार कापड असते किंवा दोन्हींचे मिश्रण असते. वरचा पदार्थ ओळखण्यासाठी पाण्याचा एक थेंब ठेवून पाहिला : मोकळ्या चामड्यावर तो हळूहळू मुरतो व डाग गडद होतो, तर प्लास्टिकचा लेप असलेल्या पृष्ठभागावर तो तसाच उभा राहतो.

लेप असलेल्या बुटात मेण मुरतच नाही. त्यावर ओल्या कापडाने पुसणे आणि कोरड्या कापडाने घासणे एवढेच काम असते. हवे तर बिनरंगी क्रीमचा पुसट हात द्यावा. जाळीच्या कापडावर तर कोणतेही पॉलिश लावू नये, ते धाग्यांत अडकून चिकट होते आणि कोर्टावरची सगळी धूळ ओढून घेते. तेथे जुना दातब्रश आणि सौम्य साबणाचे पाणी उपयोगी पडते. आरशासारख्या चकचकीत पेटंट चामड्याचे बूट परदेशी सामन्यांच्या चित्रफितींत पाहून काहींनी मागविले आहेत. ते पुसायला सोपे आहेत हे मान्य, पण त्यावरचा ओरखडा कोणत्याही पॉलिशने बुजत नाही आणि आपल्या उन्हात सिमेंटवर त्यात पाय उकडतात.

स्पंजची टोपी असलेल्या बाटलीतले द्रव पॉलिश मला पटलेले नाही. ते एका मिनिटात चमकते कारण ते बुटावर प्लास्टिकसारखा पातळ पापुद्रा चढविते. थरावर थर चढले की वाकण्याच्या जागी तो पापुद्रा सोलवटतो आणि खाली चामडे कोरडे पडत जाते. सामन्यापूर्वीची घाई भागविण्यासाठी एखाद्या वेळी ठीक, सवय म्हणून नको.

१४ सप्टेंबर २०२४

गणपतीमुळे बैठक झाली नाही. कपाटातून काढलेल्या काही चामडी बुटांवर हिरवट-पांढरी बुरशी आढळली. बूट घराबाहेर नेऊन कोरड्या कापडाने पुसावेत, ते कापड टाकून द्यावे, मग व्हिनेगर व पाणी समप्रमाणात घेऊन हलक्या हाताने पुसून सावलीत वाळवावेत आणि पूर्ण वाळल्यावरच पॉलिश करावे. बुरशीवर पॉलिश फासणे म्हणजे तिला झाकून वाढू देणे होय. घामाच्या मिठाच्या पांढऱ्या रेषांनाही हेच मिश्रण चालते.

२८ सप्टेंबर २०२४

पूर्ण काळा बूट मिळत नसेल तर पांढरे चिन्ह किंवा सोलची पांढरी कड झाकायची कशी, हा प्रश्न सर्वाधिक विचारला गेला. मार्कर पेनने रंगविलेले दोन बूट समोर होते. सभागृहातील दिव्यांखाली त्यांची चिन्हे काळी न दिसता जांभळी झाक मारत होती आणि रबराच्या कडेवरचा रंग घासून गेलेला होता. चामड्यासाठीचा अॅक्रिलिक रंग पातळ थरांत, प्रत्येक थर वाळू देऊन लावला तर चिन्हावर टिकतो; मात्र त्याआधी पृष्ठभाग स्पिरिटने पुसून तेलकटपणा काढावा लागतो. नेलपॉलिश काढण्याचे द्रावण त्यासाठी वापरू नये, ते कृत्रिम चामडे विरघळवू शकते. सोलच्या कडेला मात्र काहीही लावू नये, असे माझे ठाम मत आहे. सोल दर पावलाला वाकतो, त्यावरचा रंग तडकतो, आणि तो किंवा मेण जमिनीला टेकणाऱ्या भागापर्यंत उतरले तर कोर्टावर डाग पडतो व पाय घसरतो. ज्याला काळी कड हवी त्याने काळ्या सोलचाच बूट शोधावा.

१२ ऑक्टोबर २०२४

दसरा. काल काही पंचांनी घरच्या खंडेनवमीच्या पूजेत शिट्टी मांडली होती. बूट मांडण्याचे धाडस कोणी केले नाही.

टिपणाचा मसुदा गटात वाचला. एक भर सुचविली गेली ती स्वीकारली : लाकडी कोर्टाचे बूट पिशवीतून न्यावेत, रस्त्यावर घालू नयेत, आणि सामन्यापूर्वी व मध्यंतरात सोल ओल्या कापडाने पुसावेत. रस्त्यावरची बारीक वाळू सोलच्या खाचांत बसली की मऊ रबराची पकड जाते आणि कोर्टाचे लाकूडही ओरबाडले जाते. मोजे काळे, घोट्याच्या वर येणारे, घाम शोषणारे आणि नव्याने धुतलेले असावेत, एवढ्यावर मोज्यांचा विषय संपविला.

२६ ऑक्टोबर २०२४

टिपण मंडळाकडे सुपूर्द केले. त्यासोबत प्रत्येक स्पर्धेच्या पंच कक्षात ठेवावयाची एक लहान पेटी सुचविली आहे : एक कोरडा कडक ब्रश, एक मऊ ब्रश, काळ्या पॉलिशची डबी, जुन्या बनियनची फडकी, चपट्या काळ्या लेसची एक जास्तीची जोडी आणि सोल पुसण्यासाठी पाण्याची फवाऱ्याची बाटली. पेटीचा खर्च मंडळाने उचलावा आणि बूट ज्याचे त्याने घ्यावेत, असे ठरले. नव्याने परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या पंचांना पहिल्या वर्षी सिमेंटच्या कोर्टावर चालेल असा एकच जोड पुरेसा आहे, त्यांच्यावर दोन जोड्यांची सक्ती करू नये, अशी शिफारस मी स्वतंत्रपणे जोडली आहे. सोलची झीज तपासण्यासाठी पुढील बैठक जानेवारीत होईल. तोपर्यंत प्रत्येकाने चवड्याखालच्या खाचांचे छायाचित्र आज काढून ठेवावे, म्हणजे तेव्हा तुलना करता येईल.